दुरुस्तीची कबुली

नाताळात गोव्यातल्या कॅथलिक घरांतून सोरपोतेल शिजते. त्यात डुकराचे मांस आणि काळीज असते, व्हिनेगर आणि मसाला असतो, आणि जुन्या पद्धतीने करणारे त्यात डुकराचे रक्तही घालतात. खाताना कोणाच्याही मनात पापाचा विचार येत नाही, येण्याचे कारणही नाही. पण नव्या करारातले ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक उघडले, तर पंधराव्या अध्यायात यरुशलेमच्या सभेचा निर्णय वाचायला मिळतो. यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांवर सुंतेची सक्ती नको. मात्र त्यांनी मूर्तींना वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचे मांस आणि व्यभिचार यांपासून दूर राहावे. हा निर्णय पवित्र आत्म्याला आणि आपल्याला योग्य वाटला, असे प्रेषितांनी पत्रात लिहून कळवले. तो मागे घेतल्याची नोंद बायबलमध्ये कुठेही नाही. तरीही पाश्चात्त्य ख्रिस्ती लोकांत रक्ताचा नियम हळूहळू पाळला जाईनासा झाला आणि १४४२ साली फ्लॉरेन्सच्या परिषदेने त्याचे स्पष्टीकरण दिले : यहुदी आणि बिगरयहुदी एकत्र नांदावेत म्हणून तो नियम होता, ते कारण उरले नाही, म्हणून नियमही उरला नाही.

त्याच सभेतला सुंतेचा निर्णय याहून कितीतरी मोठा होता. सुंता ही देवाने अब्राहामाशी केलेल्या कराराची खूण आणि उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायात त्या कराराला निरंतरचा करार म्हटले आहे. शास्त्रात इतके स्पष्ट लिहिलेले असताना पेत्र, पौल, बर्णबा, याकोब या जन्माने यहुदी असलेल्या माणसांनी ती अट सोडून दिली. कशाच्या बळावर? अध्याय सावकाश वाचला की त्या सभेचा क्रम लक्षात येतो. आधी पेत्र उठतो आणि कर्नेल्य नावाच्या रोमन शतपतीच्या घरी आपण काय पाहिले त्याची आठवण देतो. मग बर्णबा आणि पौल परक्या लोकांत काय घडले ते सांगतात आणि सारी सभा शांतपणे ऐकून घेते. त्यानंतर याकोब आमोस संदेष्ट्याचे वचन काढतो आणि म्हणतो की हे त्याच्याशी जुळते. आधी माणसांचे ऐकले गेले, शास्त्र त्यानंतर उघडले गेले.

हे पुस्तक त्या क्रमाचा माग काढण्यासाठी लिहिले आहे. कॅथलिक चर्च बदलते की बदलत नाही, या वादात मला आता फारसा रस उरलेला नाही. ते बदलत आले आहे, आणि त्याचे पुरावे त्याच्याच दप्तरात आहेत. बदलताना चर्च काय बोलते, आणि जुन्या अर्थाची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्याकडे वळून पाहते की नाही, हा प्रश्न मात्र मला स्वस्थ बसू देत नाही. मी या चर्चमध्ये वाढलो, याच वेदीपाशी मिस्सेला उभा राहतो. म्हणून तटस्थ अभ्यासकाचा आव मी आणणार नाही.

मराठी वाचकाला भाष्याची परंपरा नवी नाही. एका गीतेवर ज्ञानेश्वरी होते, गीतारहस्यही होते, आणि दोन्ही ग्रंथ आपापल्या बळावर लोकांच्या मनात टिकतात. कॅथलिक परंपरेत मात्र अर्थ कोणता खरा हे ठरवणारी एक संस्था आहे. ८ एप्रिल १५४६ रोजी ट्रेंटच्या परिषदेने ठरवले, की श्रद्धा आणि आचार यांच्या बाबतीत चर्चने धरलेल्या अर्थाविरुद्ध कोणीही स्वतःच्या मताने शास्त्राचा अर्थ लावू नये. पुढे १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने याला एक महत्त्वाची जोड दिली : अर्थ सांगण्याचा अधिकार चर्चच्या गुरुपदाकडेच आहे, पण ते गुरुपद देवाच्या वचनाच्या वर नाही, त्याच्या सेवेत आहे. ही दोन विधाने एकत्र धरली की सगळा पेच समोर येतो. अर्थ लावणारा एकच असेल आणि त्याच्याकडून चूक झाली, तर ती त्याला दाखवायची कोणी?

याचे सर्वांत बोलके उदाहरण व्याजाचे. आज ते कोणाला आठवतही नाही, म्हणूनच पुढे त्याला सर्वांत मोठे प्रकरण दिले आहे.

निर्गम, लेवीय आणि अनुवाद या तिन्ही पुस्तकांत आपल्या बांधवाकडून व्याज घेण्याला मनाई आहे. पंधराव्या स्तोत्रात देवाच्या डोंगरावर कोण राहील याचे उत्तर देताना व्याजाने पैसा न देणाऱ्याचा उल्लेख येतो. लूकच्या शुभवर्तमानात येशू परतफेडीची आशा न धरता उसने द्यायला सांगतो. या वचनांवर मध्ययुगीन चर्चने एक कडक आणि सुसंगत शिकवण उभी केली. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने उघड व्याजखोरांना ख्रिस्ती दफन नाकारले. १३११-१२ च्या व्हिएनच्या परिषदेने त्याहून पुढे जाऊन, व्याज घेणे पाप नाही असे जो हट्टाने म्हणेल त्याला पाखंडी समजावे असे सांगितले. संत थॉमस अक्वायनस यांनी त्यामागचा तर्क मांडला : धान्य किंवा द्राक्षारस वापरला की संपतो, तसाच पैसाही वापरला की हातातून जातो, म्हणून तो परत घेणे आणि वर त्याच्या वापराचे मोल घेणे म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे घेणे. इथे लक्षात ठेवायला हवे, की बंदी सावकारी लुटीपुरती नव्हती. मुद्दलाहून जास्त घेतलेला एक पैसाही तिच्या कक्षेत येत होता.

मग व्यापार वाढला. परतफेड लांबल्याने सावकाराचे नुकसान झाले तर भरपाई घ्यावी की नाही, तोच पैसा दुसरीकडे गुंतवून मिळाला असता तो नफा बुडाला तर काय, समुद्रावर जाणाऱ्या भांडवलाच्या जोखमीचे काय, असे प्रश्न पापनिवेदनाच्या जाळीमागे बसलेल्या धर्मगुरूंपुढे येऊ लागले. धर्मपंडितांनी एकेक अपवाद मान्य केला. १४६२ साली पेरुजियात फ्रान्सिस्कन साधूंनी गरिबांसाठी गहाणावर कर्ज देणारी पेढी काढली आणि खर्च भागवण्यापुरते थोडे व्याज घेतले. डोमिनिकन पंडितांनी त्यावर टीका केली, तरी १५१५ साली पाचव्या लॅटरन परिषदेने अशा पेढ्यांना मान्यता दिली. १७४५ मध्ये पोप चौदाव्या बेनेडिक्ट यांनी इटलीच्या बिशपांना पत्र लिहून जुनी बंदी पुन्हा सांगितली, त्याच वेळी कर्जाबाहेरच्या कारणांसाठी जादा रक्कम घेण्याची वाटही मोकळी ठेवली. १८३० च्या दशकात रोमहून उत्तरे येऊ लागली, की बेताचे व्याज घेणाऱ्यांना पापनिवेदनाच्या वेळी त्रास देऊ नये. १९१७ च्या धर्मसंहितेने कायदेशीर व्याजाला मान्यता दिली. १९४२ साली व्हॅटिकनचीच बँक उभी राहिली.

व्हिएनच्या परिषदेने ज्या मताला पाखंड म्हटले होते, ते मत सहा शतकांत रूढ व्यवहार बनले. पण शिकवण बदलली असे कोणत्याही परिषदेने म्हटले नाही. अमेरिकेतले कायद्याचे अभ्यासक आणि पुढे न्यायाधीश झालेले जॉन नूनन यांनी १९५७ साली या साऱ्या प्रवासाचा इतिहास कागदोपत्री मांडला. ते स्वतः निष्ठावान कॅथलिक होते. त्यांच्या ग्रंथाने बदल नाकारणाऱ्यांची जी अडचण केली ती आजही मिटलेली नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. व्याजबंदीचा हा इतिहास बहुतेकदा अडाणी नियमातून झालेल्या सुटकेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे का जाळले हे ज्याला ठाऊक आहे, तो त्या जुन्या बंदीला हसणार नाही. लेवीय पुस्तकातले वचन अडल्यानडल्या भावाविषयी आहे. त्याचा शब्द सोडणे व्यापारासाठी गरजेचे असेल, पण त्याचा जीव वाचवायला हवा होता. तो वाचला नाही. बदल झाला, आणि कर्जाने पिचलेल्या माणसाच्या बाजूने उभे राहण्याची चर्चची सवयही त्याबरोबर बरीचशी गेली. प्रत्येक बदल म्हणजे प्रगती, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने हे पुस्तक नाही, हे इथेच सांगून टाकतो.

बदल आणि सातत्य यांची सांगड घालण्याचा प्रयत्न चर्चमध्ये फार पूर्वीपासून झाला आहे. पाचव्या शतकात लेरँ बेटावरच्या मठातले संत विन्सेंट यांनी लिहिले, की मूल वाढून प्रौढ होते तरी माणूस तोच राहतो, तशी शिकवण वाढते. १८४५ साली जॉन हेन्री न्यूमन यांनी शिकवणीच्या विकासावरचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात अँग्लिकन पंथ सोडून ते कॅथलिक झाले. एखादी कल्पना जिवंत असेल तर ती काळाच्या ओघात आपले आशय उलगडत जाते, आणि खरा विकास कोणता व विकृती कोणती हे ओळखण्याच्या कसोट्या असतात, असे त्यांचे प्रतिपादन. निबंध थोर आहे. त्रैक्याची शिकवण, पवित्र मरियेविषयीची शिकवण, हे सारे त्या चौकटीत नीट बसते. २०१९ मध्ये न्यूमन संत म्हणून घोषित झाले, आणि आज रोममध्ये बदलाचे कोणतेही स्पष्टीकरण द्यायचे झाले की ‘विकास’ हाच शब्द पुढे येतो.

पण सगळेच बदल मूल मोठे होण्यासारखे नसतात. काही वेळा आधी सांगितलेले चुकीचे असते, आणि ते सांगण्यामुळे माणसे मरतात.

गुलामगिरी घ्या. पौलाच्या नावाने असलेल्या पत्रांत दासांना धन्यांच्या आज्ञेत राहायला सांगितले आहे. नोहाने कनानाला दिलेला शाप आफ्रिकी लोकांवर लादला गेला. १४५२ मध्ये पोप पाचवे निकोलस यांनी पोर्तुगालच्या राजाला मूर्तिपूजक आणि मुस्लिम यांना जिंकून कायमच्या दास्यात ठेवण्याची मुभा दिली; पोर्तुगीजांचे जे धार्मिक अधिकार पुढे गोव्यापर्यंत पोहोचले, त्यांच्या मुळाशी अशीच पत्रे आहेत. विरोधाचे सूरही चर्चमधूनच उठले. १५३७ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना गुलाम करू नये असे ठणकावले. १८३९ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. तरीही १८६६ मध्ये, म्हणजे अमेरिकेतली यादवी गुलामगिरी संपवून थांबल्यानंतर, रोमच्या धर्मपीठाने उत्तर दिले की गुलामगिरी मुळातच नैसर्गिक किंवा दैवी नियमाविरुद्ध नाही. १८८८ मध्ये ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपत असताना पोप तेरावे लिओ यांनी तिथल्या बिशपांना पत्र लिहिले. त्यात जुन्या पोपांनी गुलामांसाठी केलेल्या कामाचे मोठे वर्णन आहे. १४५२ च्या परवानगीची कबुली नाही. १९९३ पर्यंत येता येता पोप दुसरे जॉन पॉल गुलामगिरीला मुळातूनच दुष्ट असलेल्या कृत्यांत धरतात.

१८६६ आणि १९९३ या दोन उत्तरांना एकाच शिकवणीचा विकास म्हणणे मला जमत नाही. दुसरे उत्तर पहिल्याची दुरुस्ती आहे. तसे म्हटल्याने चर्चचे काही कमी होत नाही. पापाची कबुली द्या, पश्चात्ताप करा, भरपाई करा, मग क्षमा मिळते, हे चर्चच आम्हाला लहानपणापासून शिकवत आले आहे. एकेका माणसासाठी जो संस्कार आहे, तो शिकवणाऱ्या संस्थेला मात्र लागू होत नाही, अशी समजूत आपण करून घेतली आहे. १२ मार्च २००० रोजी सेंट पीटर्समध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी मोठ्या धैर्याने क्षमा मागितली. ती चर्चच्या मुलामुलींनी केलेल्या पापांसाठी होती. चर्चने काय शिकवले हा विषय तेव्हाही बाजूलाच राहिला. ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनने पंधराव्या शतकातल्या त्या पत्रांशी जोडलेला भूमी ‘शोधून’ ताब्यात घेण्याचा सिद्धान्त नाकारला. मूळ रहिवाशांची समान प्रतिष्ठा त्या पत्रांत नीट उमटली नव्हती हे त्यात मान्य केले आहे. सोबत असेही म्हटले आहे, की तो सिद्धान्त चर्चच्या शिकवणीचा भाग नाही. कबुली दाराशी येते आणि उंबरठ्यावर अडते.

गॅलिलिओची कथा सर्वांना माहीत आहे, तिच्यावर थांबत नाही. एवढेच नोंदवतो, की शास्त्र आकाश कसे चालते हे शिकवण्यासाठी नाही, हा १६१५ च्या पत्रात त्यांनी मांडलेला अर्थविचार १८९३ मध्ये पोप तेरावे लिओ यांच्या पत्रात जवळजवळ तसाच मान्य झालेला दिसतो. गॅलिलिओंवरच्या खटल्याविषयीचे शब्द यायला मात्र १९९२ साल उजाडले.

शास्त्राच्या अभ्यासाच्या पद्धतीचे काय झाले, ही गोष्ट कमी परिचित आहे आणि मला अधिक जवळची वाटते. १८९० मध्ये फ्रेंच डोमिनिकन फादर मारी-जोसेफ लाग्रांज यांनी यरुशलेममध्ये बायबलच्या अभ्यासाची शाळा काढली. पवित्र भूमीच्या मातीवर उभे राहून, शिलालेख वाचून, जुन्या पूर्वेकडच्या भाषा शिकून शास्त्र समजून घ्यायचे, असा त्यांचा बेत. १९०६ मध्ये रोमच्या बायबल आयोगाने ठरवले, की पहिली पाच पुस्तके मोशेनेच लिहिली हे सोडून देण्याइतके पुरावे नाहीत. पुढच्या वर्षी पोप दहावे पायस यांनी आधुनिकतावादाचा निषेध केला आणि १९१० पासून धर्मगुरूंना त्याविरुद्ध शपथ घ्यावी लागू लागली. १९१२ मध्ये लाग्रांज यांची पुस्तके गुरुमठांतून वापरायला अयोग्य ठरली. ते काही काळ यरुशलेम सोडून गेले. आज्ञा पाळली, परत आले, काम करत राहिले आणि १९३८ साली वारले. पाच वर्षांनी, ३० सप्टेंबर १९४३ रोजी, पोप बारावे पायस यांनी कॅथलिक अभ्यासकांना मूळ भाषा, साहित्यप्रकार आणि इतिहास यांच्या आधारे शास्त्र वाचायला सांगितले. लाग्रांज यांचीच वाट अधिकृत झाली. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी २३४४ विरुद्ध ६ मतांनी ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या घटनेत आली. लाग्रांज यांच्या आज्ञापालनाचा नेहमी गौरव होतो, तो योग्यच आहे. पण जे त्यांना गप्प बसवत होते त्यांच्याविषयीही बोलले गेले पाहिजे.

यहुदी लोकांच्या बाबतीत मात्र क्रम यरुशलेमच्या सभेसारखा घडला. मत्तयच्या सत्ताविसाव्या अध्यायात जमावाच्या तोंडी येशूच्या रक्ताची जबाबदारी आपल्यावर आणि आपल्या मुलाबाळांवर घेणारे वाक्य आहे. त्या एका वाक्यावर शतकानुशतके प्रवचने झाली आणि त्या प्रवचनांतून बाहेर पडलेल्या जमावांनी यहुद्यांच्या वस्त्या जाळल्या. फ्रेंच इतिहासकार ज्यूल इझाक यांची पत्नी आणि मुलगी आउश्वित्झमध्ये मारल्या गेल्या. लपून राहत असतानाच त्यांनी शुभवर्तमाने शब्दशः तपासली आणि तिरस्काराची ही शिकवण शास्त्रातून नव्हे, शास्त्रावरच्या भाष्यांतून आली असे दाखवले. १३ जून १९६० रोजी हा वृद्ध माणूस पोप तेविसावे जॉन यांना भेटला. पोपनी ऐकून घेतले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी परिषदेने २२२१ विरुद्ध ८८ मतांनी जाहीर केले, की येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सर्व यहुद्यांवर वा आजच्या यहुद्यांवर ठेवता येत नाही. यासाठी परिषदेला शास्त्राबाहेर जावे लागले नाही. रोमकरांस पत्राचा अकरावा अध्याय, जिथे पौल म्हणतो की देव आपली देणगी आणि पाचारण मागे घेत नाही, तो शतकानुशतके बायबलमध्येच होता. तो उघडायला लावले एका बाप आणि नवरा असलेल्या माणसाच्या दुःखाने. हिंदू आणि बौद्ध धर्मांविषयी आदराने बोलणारा परिषदेचा लेखही हाच, म्हणून मराठी वाचकाने तो मुळातून वाचावा.

त्याच वर्षी ७ डिसेंबरला धर्मस्वातंत्र्याची घोषणा मंजूर झाली. पोप सोळावे ग्रेगरी यांनी १८३२ मध्ये आणि पोप नववे पायस यांनी १८६४ मध्ये ज्याला भ्रम ठरवले होते, ते माणसाच्या प्रतिष्ठेतून येणारा हक्क म्हणून मान्य झाले. या घोषणेला विरोध करणाऱ्यांत आर्चबिशप मार्सेल लफेव्र होते. पुढे १९८८ मध्ये त्यांनी रोमची परवानगी नसताना बिशप नेमले. त्यांच्या निष्कर्षाशी मी असहमत आहे. पण हा बदल आहे, नुसता विकास नाही, हे त्यांनी स्वच्छ पाहिले.

बदलाला विरोध करणाऱ्या या बाजूचा आक्षेप मनापासून ऐकायला हवा. धर्मपीठाचे प्रमुख राहिलेले कार्डिनल ओत्ताव्हिआनी यांचे ब्रीदच होते : सदैव तेच. त्यामागे भीती होती तशी श्रद्धाही होती. प्रत्येक पिढी आपल्या सोयीचा अर्थ काढू लागली, तर शास्त्र आपल्याला काहीच सांगू शकणार नाही. आपण आधीच जे मानतो तेच ते आपल्याला परत ऐकवेल. श्रीमंताच्या घरी ते श्रीमंताचे होईल, सत्तेच्या दारी सत्तेचे. व्याजाच्या बाबतीत थोडेफार तसेच झाले, हे मी वर म्हटले आहे. म्हणून कसोटी लागते, आणि मला तरी संत ऑगस्टीन यांच्याहून चांगली कसोटी सापडलेली नाही. देवावरचे आणि शेजाऱ्यावरचे प्रेम ज्या अर्थाने वाढत नाही, तो अर्थ लावणाऱ्याला शास्त्र अजून कळलेले नाही, असे ते म्हणतात. या कसोटीवर गुलामगिरीचा जुना अर्थ उतरत नाही, मत्तयच्या वाक्यावरची प्रवचने उतरत नाहीत. गरिबाला विसरून मिळवलेली व्याजाची मोकळीकही उतरत नाही.

आपल्याकडे या कसोटीला आणखी धार लावणारे अभ्यासक झाले. पुण्याच्या धर्मविद्यापीठात नवा करार शिकवणारे येशूसंघी फादर जॉर्ज सोरेस-प्रभू हे पाश्चात्त्य ऐतिहासिक पद्धतीत पक्के तयार झालेले होते, आणि तिच्या मर्यादा त्यांनीच सर्वांत नेमक्या सांगितल्या. मजकूर कुठून आला हे ती पद्धत सांगते. भारतातला गरीब, दलित, दुसऱ्या धर्मांच्या सहवासात जगणारा माणूस तो मजकूर कसा ऐकतो हे तिला विचारता येत नाही. १९९५ मध्ये त्यांचा अपघाती मृत्यू झाला. त्यांचे लेख वाचताना मला वाटते, की यरुशलेमच्या सभेचा क्रम या देशात लागू करायचा तर आधी कोणाचे ऐकायचे ते त्यांनी दाखवून ठेवले आहे.

कारण इथे एक वेगळीच अडचण आहे. गलतीकरांस पत्रात पौलाने स्पष्ट लिहिले, की ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र, यहुदी आणि ग्रीक असा भेद नाही. या वचनाचा अर्थ नव्याने लावण्याची गरजच नाही. तरीही दक्षिणेत कॅथलिक दलितांसाठी वेगळ्या दफनभूमी राहिल्या, आणि गोव्यातल्या चर्चच्या जुन्या संघांत जातीवरून प्रवेश ठरत राहिला. १७४४ मध्ये रोमने मलबारच्या रीतींचा, म्हणजे ख्रिस्ती झालेल्यांनी पाळायच्या स्थानिक चालींचा, निवाडा केला, तेव्हा तडजोड म्हणून अस्पृश्य मानलेल्या ख्रिस्ती लोकांसाठी वेगळे मिशनरी नेमले गेले. भारतीय कॅथलिक बिशपांनी २०१६ मध्ये दलितांविषयीच्या धोरणात चर्चमधला जातिभेद मान्य करून त्याचा निषेध केला. त्या वचनाचा अर्थ पहिल्या शतकापासून उघड होता. उशीर आम्ही केला.

आज सर्वांत पेटलेला प्रश्न स्त्रियांचा. करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या चौदाव्या अध्यायाने स्त्रियांना मंडळीत गप्प राहायला सांगितले. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात स्त्रिया मंडळीत प्रार्थना करतात आणि संदेश देतात, फक्त डोके झाकून. डोके झाकण्याचा नियम १९१७ च्या संहितेत होता, १९८३ च्या संहितेत नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९४ मध्ये स्त्रियांच्या गुरुदीक्षेचा प्रश्न कायमचा मिटला असे जाहीर केले. डीकनपदाचे तसे नाही. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल किंख्रियाच्या मंडळीतल्या फीबी हिचा उल्लेख डीकन म्हणून करतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये यावर आयोग नेमले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये बिशपांच्या सिनडच्या, म्हणजे सभेच्या, अंतिम दस्तऐवजाने हा प्रश्न खुला असल्याचे म्हटले.

या पुस्तकाचे शेवटचे प्रकरण तिथे येऊन थांबते. धर्मग्रामांतून मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या, आजाऱ्यांना कम्युनियन नेऊन देणाऱ्या, धर्मगुरू पोहोचत नाही तिथे रविवारची प्रार्थना चालवणाऱ्या स्त्रिया आज लाखोंनी आहेत. पेत्राने कर्नेल्याच्या घरी जे पाहिले ते सभेपुढे सांगितले, तसे या स्त्रियांनी आपले काम बिशपांच्या सभेपुढे उभे राहून सांगावे, बिशपांनी मध्ये न बोलता ऐकावे, आणि त्यानंतर रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय उघडावा, अशी माझी मागणी आहे. आणि आधीच्या शतकांत आपण तो अध्याय वाचूनही पाहिला नाही असे ध्यानात आले, तर निर्णयाच्या पहिल्याच परिच्छेदात तसे लिहावे.